वर तोंड केलेले दिवे

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय, हौस म्हणून नाही. गोळी किती वाजता घेतली, हात किती वेळ गप्प राहिला, रात्री किती झोप लागली, एवढं रोज लिहायचं. वर मनातलं काहीही पाच ओळी. "अक्षर मोठं काढा," म्हणाल्या. "ओळीच्या शेवटी तुमचं अक्षर बारीक होत जातं. या आजारात तसं होतं." मी म्हणालो, पेन बारीक टोकाचं आहे. त्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तर मी पंढरीनाथ रोकडे, वय एकोणसाठ, धंदा वायरमन, राहणार राहनाळ, तिसरा मजला. इथून काल्हेरपर्यंत जेवढी गोदामं आहेत, त्यातल्या निम्म्यांत माझ्या हातची वायर आहे. मार्चमध्ये कळलं की मला पार्किन्सन झालाय. आपल्याकडे कंपवात म्हणतात. उजवा हात थरथरतो आणि सकाळी पाय ऐकत नाहीत. हे माधवीला माहीत आहे, कारण ती बायको आहे. धम्मदिनाला माहीत आहे, कारण ती मुलगी आहे आणि नाशिकला बसून माझी गोळ्यांची चौकशी करते. गोदामवाल्यांना माहीत नाही. कळायचं काही कारणही नाही.

गोळ्या आठ, एक, सहा. हात गप्प राहिला साडेनऊ ते बारा. झोप अडीच तास.

३ सप्टेंबर

अडीच तासांचं कारण खिडकीत आहे.

समोरच्या गोदामाच्या भिंतीवर सहा फोकस आहेत. दीडशे वॅटचे, पांढरेफटक एलईडी. लोक अजून त्यांना हॅलोजनच म्हणतात. मे महिन्यात मीच बसवले. चार नीट खाली यार्डात पडतात, जिथे ट्रक लागतात. उरलेले दोन जुलैपासून थेट माझ्या उशीवर. संध्याकाळी सात ते सकाळी सात. खोलीतला दिवा न लावता मला भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते.

कोणीतरी ते दोन वर फिरवलेत. रस्त्यावरही उजेड पडावा म्हणून मॅनेजर भाविकभाईनेच फिरवून घेतले असणार. मी लावलेला फोकस आपोआप हलत नाही. बत्तीस वर्षांत हललेला नाही.

५ सप्टेंबर

झोप दोन तास. माधवीच्या कोपरावर काळंनिळं झालंय. विचारलं तर म्हणाली, कपाटाचं दार लागलं. ते दार आपोआप उघडतं खरं. दुपारी हात बरा होता तेव्हा मॅग्नेट बसवून टाकला. आता उघडणार नाही.

६ सप्टेंबर

भाविकभाईकडे गेलो. चांगला माणूस आहे, चहा दिल्याशिवाय बोलत नाही. मी चहा घेतला नाही. कप हातात धरला असता तर त्याला दिसलं असतं.

"रोकडेभाऊ, फोकस तो आपनेही लगाए," तो म्हणाला. "मी कशाला हात लावू? माझा एक माणूस पण वर चढला नाय."

"मग ते वर कसे बघायला लागले?"

"मला काय माहीत? यार्डमध्ये उजेड पाहिजे, बस. चोरी झाली तर हेड ऑफिस मला विचारणार."

मी म्हणालो, तुमच्या यार्डाचा उजेड माझ्या बेडरूममध्ये राखणीला कशाला? त्यावर तो हसला. मी उठून आलो. मला राग आला की हात जास्त थरथरतो, म्हणून दोन्ही हात खिशात घालूनच भांडलो.

फाटकावर जान्या भेटला. गोदामाचा रात्रीचा वॉचमन, डोंगराकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा. गोदामाच्या भिंतीपासून आमच्या बिल्डिंगपर्यंत त्याची भाताची एक पट्टी आहे, ती सांभाळून ड्युटी करतो. मेमध्ये शिडी त्यानेच धरली होती. त्याला विचारलं, कोणी फिरवले रे? तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"जुलैत वारा लय व्हता, भाऊ."

वाऱ्याने माझा फोकस हलत नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं. तो "हाय, हाय" म्हणाला आणि फाटक लावायला गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

मागचे आठ दिवस हेच उद्योग. खिडकीला ताडपत्री ठोकली. अंधार मस्त झाला, पण वारा बंद. पहिल्या रात्री दोघेही घामाने निथळलो, दुसऱ्या रात्री मला गुदमरल्यासारखं झालं आणि मीच ती ओरबाडून काढली. डोळ्यांवर पट्टी बांधून बघितली. ती रोज सकाळी कॉटखाली सापडते. झोपेत कोण काढतं, काय माहीत.

शेजारचे म्हणतात, जाड पडदे लावा आणि विषय संपवा. का लावू? घर माझं, खिडकी माझी, हप्ते मी फेडलेत. ज्याचा दिवा आहे त्याने खाली बघावं.

माधवीच्या गालावर आज ओरखडा. पुन्हा कपाट. मॅग्नेट कमी पडतो बहुतेक. दाराच्या कडेला रबराची पट्टी चिकटवली.

२१ सप्टेंबर, रविवार

अकलोलीहून आलो. कमळाबाई, म्हणजे माझी थोरली बहीण, महिनाभर मागे लागली होती. कुंडातल्या गरम पाण्याने नसा मोकळ्या होतात म्हणे. मी ताईला सांगितलं, पाणी गरम आहे आणि त्याला गंधकाचा वास आहे, यापलीकडे मी काही मानत नाही. ती म्हणाली, "तू मानू नकोस, नुसता बस." बसलो. अंग शेकून निघालं, बाकी हात होता तसाच.

रात्री ताईच्या नणंदेकडे राहिलो. बायका आतल्या खोलीत, मी एकटा ओटीवर. गावात लाइट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. स्वतःचा हात दिसत नव्हता इतका अंधार. आणि मी साडेसहा तास झोपलो. साडेसहा! मार्चपासून एवढी झोप लागली नव्हती. सकाळी चहाचा कप एका हाताने उचलला, सांडला नाही. ताईने सगळ्यांना दाखवला, बघा कुंडाचा गुण. मीही मान डोलावली. म्हातारीला कशाला दुखवायचं.

पण मी वायरमन आहे. दोन गोष्टी बदलल्या, एक पाणी आणि एक उजेड. कुठल्या स्विचमुळे काम झालं, हे बघायचं तर एक स्विच पुन्हा टाकून बघायचा.

२३ सप्टेंबर

टाकून बघितला. दोन दिवस घरी बादलीत कडकडीत पाणी घेऊन अंघोळ केली, ताईने दिलेली कुंडाची बाटलीही त्यात ओतली. फोकस चालू. झोप पहिल्या रात्री दोन तास, दुसऱ्या रात्री पावणेदोन. दिवसभर पाय फरशीला चिकटल्यासारखे.

तेव्हा पाण्याचा विषय संपला.

२७ सप्टेंबर

माधवीच्या दंडावर बोटाएवढा डाग. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कपाटाचं दारच काढून गच्चीवर नेऊन ठेवलं. साड्या आता सगळ्यांना दिसतात, दिसू देत. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, कशाला एवढं?" डोळ्यांत पाणी होतं. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी बायकोला माझ्या कामाचं कौतुक वाटलं.

२ ऑक्टोबर

अशोक विजयादशमी. विहारात वंदनेला गेलो. पाय जड होते, पण बसलो शेवटपर्यंत. एवढ्या उकाड्यात माधवीला पांढऱ्या साडीवर लांब बाह्यांचा ब्लाउज कुठून सुचला कोण जाणे.

कालपासून ती हॉलमध्ये झोपते. गुडघ्याला हॉलचा पंखा बरा पडतो म्हणाली. एकतीस वर्षांत तिला कधी पंख्याचा फरक कळला नव्हता. तिलाही तो उजेड सोसत नसणार, पण मला वाईट वाटेल म्हणून गुडघा पुढे करते. भाविकभाईने माझी बायको माझ्या खोलीतून घालवली, हे मी विसरणार नाही. ती परत आत येईपर्यंत मी या दिव्यांना सोडत नाही.

७ ऑक्टोबर

जान्याने हाक मारून भाताच्या बांधावर नेलं.

"बग भाऊ. सगला हलवा भात निसवून पिकला. कापनीला आला. आनि भिंतीकडून तुमच्या बिल्डिंगीपातुर ही पट्टी बग."

बघितली. एकाच दिवशी लावलेला, एकाच बियाण्याचा हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात. दोन्ही बाजूंना पिवळा, लोंब्या वाकलेल्या. आणि मधून एक हिरवागार पट्टा, निसवलेलाच नाही, लोंबीचा पत्ता नाही. पट्ट्याच्या दोन्ही कडा सरळ, जणू कोणी दोरी धरून आखल्यात. मी मान वर केली. ते दोन फोकस जिथून जिथपर्यंत उजेड टाकतात, तेवढाच पट्टा.

"रातभर उजेड," जान्या म्हणाला. "त्याला रात झाली कदी ते कलतच न्हाय. मंग तो निसवंल कसा?"

भाताला पार्किन्सन नाही. भाताला काळजी नाही, वय नाही, मनाचे खेळ नाहीत. तरी त्याचं बिघडलं. आता मला कोणी म्हणून दाखवावं की रोकडे, सगळं तुमच्या डोक्यात आहे. जान्याचा एवढा भात गेला आणि तो अजून कोणावर ओरडलेला नाही. त्याच्या वाटचंही मी ओरडणार आहे.

फोटो काढले. हात हलल्यामुळे अर्धे पुसट आले, अर्धे चांगले आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना डायरी दाखवली, भाताचे फोटोही दाखवले. त्यांनी फोटो नीट बघितले, हसल्या नाहीत, त्यामुळे मला त्या आवडायला लागल्या.

"उजेडाने तुमचा आजार झाला असं नाही, काका," त्या म्हणाल्या. "आणि नुसत्या अंधाराने तो जाणारही नाही. पण शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली हे ओळखायला उजेडच लागतो. या आजारात ते घड्याळ आधीच डळमळतं, वर रात्री असा पांढरा उजेड पडला तर आणखी बिघडत असेल. लोक यावर अभ्यास करताहेत, छातीठोक कोणी सांगत नाही. तुमच्या वहीत मात्र फरक दिसतोय. रात्री अंधार, सकाळी तासभर उन्हात. करून बघू."

मग सोबत आलेल्या माधवीला विचारलं, झोपेत हे बडबडतात का? हातपाय झाडतात?

"नाही, नाही," माधवी म्हणाली. विचारून व्हायच्या आत म्हणाली.

मीही सांगितलं, माझी झोप शांत असते, लागली तर. डॉक्टरीणबाई थोडा वेळ माधवीच्या हनुवटीकडे बघत होत्या. तिथे काल नळ लागलाय. कपाट गेलं तर नळ आला. पहाटे माझ्या कण्हण्याने ती बघायला आत येते, येताना अंधारात धडपडत असेल. पण अंधार आहे कुठे आमच्याकडे?

१५ ऑक्टोबर

आठवडाभर सकाळी गच्चीवर उन्हात बसतो. दुपारची पेंग कमी झाली. रात्र तशीच.

गच्चीवरून ते दोन फोकस दिवसा, विझलेले असताना, नीट दिसतात. एक गोष्ट लिहावी की नाही, कळत नाही. डायरी डॉक्टरीणबाई वाचतात, पण त्यांना त्यातलं काय कळणार, म्हणून लिहितो. या फोकसच्या पाठीला ड्रायव्हरचा, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या सर्किटचा डबा असतो, तो जड. बाजूचे दोन बोल्ट आवळलेले असले की फोकस जिथे ठेवाल तिथे राहतो. बोल्ट ढिले असले आणि वाऱ्याने गदगदा हलवलं, तर पाठ खाली बसते आणि तोंड वर होतं. ही धंद्यातली पहिली गोष्ट. नव्या पोरांना मी हेच पहिलं शिकवायचो.

मेमध्ये शेवटचे दोन लावले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. गोळीचा असर संपला होता.

पाना मी फिरवला होता. मला आठवतंय, फिरवला होता. माझी सगळी कमाई म्हणजे लोक म्हणतात, रोकडेने केलंय म्हणजे परत बघायला नको. ते गेलं तर माझ्याजवळ उरतं काय? भाविकनेच फिरवलेत. विषय संपला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

धम्मदिना आली. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. आल्या आल्या बेडरूममध्ये पिशवी ठेवायला गेली आणि थबकली.

"पप्पा, कपाटाचं दार कुठाय?"

मी अभिमानाने सांगितलं. आईला लागायचं, सारखं लागायचं, म्हणून आधी मॅग्नेट लावला, मग रबर, मग दारच काढलं.

ती कॉटवर बसली. आधी मला वाटलं हसतेय. मग बघितलं तर तोंडावर हात धरून रडत होती. माधवी स्वयंपाकघरातून धावत आली, "दिने, गप! दिने, बोलू नकोस!" म्हणत. पण ती माझी मुलगी आहे, गप बसणाऱ्यांतली नाही.

"कपाट नव्हतं, पप्पा. तुम्ही होतात. तुम्ही झोपेत कोणाशी तरी भांडता. ओरडता, बुक्क्या मारता, लाथा मारता. आई तुम्हाला धरायला जाते. तिने मला फोनवर सांगितलं आणि शपथ घातली. हॉलमध्ये झोपून पण तुम्ही कॉटवरून पडाल म्हणून आत येते आणि पुन्हा मार खाते."

मी माधवीकडे बघितलं. ती ओट्याच्या फडक्याने हात पुसत राहिली.

"जागेपणी कधी आवाज चढवला नाहीत तुम्ही माझ्यावर," ती म्हणाली. "मग झोपेतलं कशाला सांगायचं? तुम्हाला जेवण गेलं नसतं."

२६ ऑक्टोबर, रविवार

जेवण गेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर खुर्चीत बसून राहिलो. आता कशाची चोरी उरली होती? ज्या बाईला मी कधी बोट लावलं नाही, तिच्या हनुवटीवर माझा हात उमटलाय. दिवे खाली आले म्हणून ते थांबेल की नाही, माहीत नाही. पण माझ्या हातात तेवढं एकच काम होतं आणि मी नाक वर करून बसलो होतो.

आठची गोळी घेतली आणि मुद्दाम थांबलो नाही. हात थरथरत असतानाच गोदामात गेलो. केबिनमध्ये भाविकभाई, त्याचा सुपरवायझर आणि एक ट्रकवाला. मी म्हणालो, सगळ्यांनी ऐका.

"त्या दोन फोकसचे बोल्ट मी आवळले नव्हते. तुम्ही फिरवले नाहीत, कोणीच फिरवले नाहीत. ते आपले आपण वर गेले. चूक माझी. मला पार्किन्सन आहे, मार्चपासून. तुमचं काम मी आजार लपवून घेतलं." आणि उजवा हात टेबलावर ठेवला. टेबलावरची पेनं वाजायला लागली. वाजू दिली.

भाविकभाई हळू आवाजात म्हणाला, "रोकडेभाऊ, आता पुढचं काम मी तुम्हाला कसं देऊ? आप ऊपर से गिर गए तो?"

"देऊ नका. काम मागायला आलो नाही. परवा बुधवारी साडेदहाला यार्डाची लाइन दोन तास बंद पाहिजे, तेवढंच."

"हेड ऑफिसला विचारावं लागेल."

"विचारा. मी इथेच बसतो."

बसलो. जेवायची वेळ झाली, बसलो. एकची गोळी त्यांच्याच कूलरच्या पाण्याने घेतली. ट्रकवाला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, ते मला आवडलं नाही. मी दुखवट्याला बसलो नव्हतो. दोन वाजता हेड ऑफिसचा होकार आला. बहुतेक मला उठवण्यासाठीच.

निघताना सुपरवायझर म्हणाला, "काका, हात असा थरथरतो आणि तुम्ही वायरमन?" मी म्हणालो, हात थरथरतो, अक्कल जागेवर आहे. तुझं काय आहे ते तू बघ.

२९ ऑक्टोबर, बुधवार

साडेदहा. याच वहीत दोन महिने लिहून ठेवलंय की साडेनऊ ते बारा माझा हात माझा असतो. तरी शिडी चढलो नाही. धम्मदिनाने शपथ घातली म्हणून नाही. माधवी खाली उभी होती, आणि आता मी पडलो असतो तर पुन्हा तिच्याच अंगावर.

फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला, म्हणजे कोणी चुकून लाइन चालू करणार नाही. जान्या वर गेला. ताडगोळे काढणारा माणूस, त्याला शिडीचं काय. मी खालून सांगत होतो. डावा बोल्ट आधी. पाठ उचल. अजून. तोंड खाली, पार यार्डाच्या मधल्या पट्ट्यावर. आता आवळ. अजून एक आटा. आवळ म्हणतो ना!

"भाऊ, ह्ये निस्तं हातानं फिरतंय," तो वरून म्हणाला. सुपरवायझर बाजूलाच उभा होता.

"फिरणारच. मीच ठेवलंय तसं," मी मोठ्याने म्हणालो.

दोन्ही फोकसना वरून पत्र्याची झापडं बसवली, रात्री मीच घरी कापून ठेवली होती. कडा वाकड्या आल्यात. येऊ देत, उजेड अडल्याशी कारण.

खाली आल्यावर जान्याला विचारलं, मेमध्ये तुला दिसलं होतं ना?

"दिसलं व्हतं. मी बोललो पन. तुमी म्हनलात, झालंय. मंग तुमचा हात बगितला आनि गप झालो." पाना माझ्या हातात देत म्हणाला, "चुकलं माजं. भात तरी वाचला आसता."

मी त्याला म्हणालो, चुकलं दोघांचं, पण भरपाई एकाची. पुढच्या वर्षी तुझ्या लावणीची मजुरी माझ्याकडून. तो नको नको म्हणत राहिला. त्याचं मी ऐकणार नाही.

संध्याकाळी सातला सहाही दिवे लागले. धम्मदिनाने मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप घालून दिलंय. यार्डाच्या मधोमध काल अडतीस आकडा होता, आज बासष्ट. माझ्या उशीवर काल चौदा, आज एक. भाविकभाई स्वतः बाहेर येऊन यार्डात फिरला. "अरे, ये तो पहले से ज्यादा है!" म्हणाला. मी त्याला सांगितलं, होणारच. आजवर तुमच्या कंपनीची वीज माझी झोप मोडण्यात खर्च होत होती.

पुढचं काम तो दुसऱ्या वायरमनला देणार. तोंडावर सांगितलं, मागून नाही. गेलं तर गेलं.

१ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे तिघेही. आज सगळं खरं सांगितलं. माधवीने बाह्या वर केल्या. मला ते सगळे डाग मोजायचे होते, पण बघवलं नाही.

झोपेत मारणं हा या आजाराचाच भाग आहे, त्या म्हणाल्या, पुष्कळांना कळायच्या आधीच कित्येक वर्षं असतो. रात्रीची एक गोळी दिली. कॉट काढा, गादी जमिनीवर टाका, आसपास टोकदार काही नको. आणि एकदम काळोखही नको, रात्री उठून चालताना पडाल. मी म्हणालो, त्याचं माझ्यावर सोडा. फरशीपासून वीतभर उंचीवर एक पिवळा मिणमिणता दिवा बसवला, पाय दिसतील आणि डोळ्यांना कळणार नाही एवढाच. बत्तीस वर्षांत एवढा छोटा दिवा बसवला नव्हता आणि एवढा वेळही कधी लागला नव्हता. दोन स्क्रूंना पाऊण तास. माधवी मध्ये पडली नाही, बॅटरी धरून बसली.

९ नोव्हेंबर, रविवार

झोप आठवडाभर रोज पाच तासांच्या आसपास. कशाने, ते सांगता येत नाही. अंधाराने, गोळीने की बोलून टाकल्याने? तीन स्विच एकदम टाकलेत, त्यामुळे माझी वायरमनकी इथे चालत नाही. कुठलाही बंद करून बघायची इच्छाही नाही.

माधवी हॉलमध्येच. आता माझ्या हुकमाने. तीन आठवडे एकही रात्र हात उठला नाही तरच आत यायचं, असं सांगितलंय. रात्री धम्मदिनाचा जुना मोबाइल आवाज टिपायला लावून झोपतो. सकाळी ऐकतो. स्वतःला झोपेत शिव्या देताना ऐकणं फार वाईट. चार रात्रींत एकदाच ओरडलो, "फेज सोड, फेज सोड" असं काहीतरी. फेज म्हणजे करंटची वायर.

१६ नोव्हेंबर, रविवार

रात्री नऊला माधवी उशी घेऊन आत आली.

मी म्हणालो, तीन आठवडे झालेले नाहीत. परवा पुन्हा ओरडलोय. बाहेर जा.

"घर कोणाचं?" ती म्हणाली.

"अगं, लागेल तुला."

"तुम्ही गोदामात जाऊन बसलात, उठा म्हटलं तरी उठला नाहीत. मी पण बसते." आणि गादीवर बसली. "एवढे दिवे खाली करायला लावलेत ते कशासाठी? मी हॉलमध्ये डास मारत पडावं म्हणून?"

मी मधे लोड टाकला. तिने तो उचलून पायाशी टाकला. मी पुन्हा मधे टाकला. एवढ्या वयाची दोन माणसं लोडावरून भांडत होती. शेवटी लोड मधे राहिला, पण ती आत राहिली. दिवा घालवला. तिला झोप लागल्याचं श्वासावरून कळलं तरी मी हात छातीशी बांधून जागाच होतो. ठरवलं होतं, झोपायचंच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. साडेसात वाजले होते. माधवी शेजारी बसून वेणी घालत होती. मी आधी तिचा चेहरा बघितला, मग हात, मग हनुवटी.

"काही झालं?"

"झालं ना. तीन वाजता लाथ मारलीत. लोडावरून."

मी म्हणालो, आजपासून परत हॉलमध्ये, एक शब्द ऐकणार नाही.

"मी पण मारली," ती म्हणाली.

"काय?"

"लाथ. चांगली जोरात. म्हटलं, किती दिवस ऐकून घ्यायचं."

मी पाय चाचपून बघितला. नडगीवर खरंच दुखत होतं.

"मग मी काय केलं?"

"काही नाही," माधवीने वेणीला रबर लावला. "तुम्हाला जागच आली नाही."